घाटाची शाळा आणि वस्तीतली पोरं

यात्रांचा हंगाम लागला की जुन्नर-आंबेगावात दोनच विषय चालतात. कुठल्या गावचा घाट कोणत्या तारखेला आणि कुणाची बारी किती सेकंदांत गेली. चहाच्या टपरीवर तेच, एसटी स्टँडवर तेच आणि आता मोबाइलच्या स्टेटसवरही तेच. त्यात आमच्या बौद्ध वस्त्यांतली पोरं मागे नाहीत. भंडारा उधळलेले फोटो, 'घाटाचा राजा' असे लिहिलेले व्हिडिओ, डीजेचा आवाज. यातल्या बहुतेकांच्या घरी बैल नाही. बैल सोडा, दावणच नाही. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याची दावण कुठून येणार? तरीही उन्हातान्हात घाटाच्या कडेला उभे राहून दुसऱ्याच्या बैलासाठी घसा कोरडा करणारी ही पोरं आमची आहेत. म्हणून हा लेख.

बैलगाडा शर्यत चांगली की वाईट, असावी की नसावी, यावर दोन्ही बाजूंनी भरपूर लिहून झाले आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. घाट ही एक शाळा आहे. तिथे माणसे घडतात, ओळखी होतात, नावे मोठी होतात. या शाळेत कोण शिकतो, कोण पास होऊन वरच्या वर्गात जातो आणि कोण वर्षानुवर्षे फक्त हजेरी लावून घरी येतो, हे आम्हाला विचारायचे आहे.

अमेरिकेतल्या मातीच्या रिंगणाची गोष्ट

थोडे लांबून सुरुवात करू. अमेरिकेत मोटारींच्या शर्यती लंबगोल रिंगणात होतात. त्यातली सर्वांत मोठी, पैशाची आणि टीव्हीवरची शर्यत म्हणजे नॅस्कार. तिथल्या गाड्या बाजारात मिळणाऱ्या मोटारीसारख्या दिसतात, वजनाने साधारण दीड टनाच्या असतात. पण तिथे पोचणारे कितीतरी चालक शिकतात दुसरीकडेच. छोट्या गावांत मातीची छोटी रिंगणे आहेत. तिथे हलक्या, उघड्या चाकांच्या गाड्या पळतात. त्यांना मिजेट आणि स्प्रिंट कार म्हणतात. माती निसरडी, गाडी हलकी आणि इंजिनाची ताकद भरपूर. वळणावर मागची चाके घसरतातच. घसरती गाडी सावरत वेग टिकवायचा, चाकाला चाक न लावता गर्दीतून वाट काढायची, हे ज्याला त्या मातीत जमले त्याला पुढे जड गाडीही हाताळता येते. चाके उघडी असल्यामुळे एका चुकीत गाडी उलटते, म्हणून अंदाजही पक्का होतो.

जेफ गॉर्डन १९९० मध्ये मिजेट गाड्यांचा राष्ट्रीय विजेता होता. पुढे तो नॅस्कारचा चार वेळा विजेता झाला. टोनी स्टुअर्टने १९९५ मध्ये मिजेट, स्प्रिंट आणि सिल्व्हर क्राउन अशी तिन्ही विजेतेपदे एकाच वर्षी घेतली आणि नंतर नॅस्कारची तीन विजेतेपदे मिळवली. मालक लोक मातीच्या रिंगणावर नजर ठेवून असतात. तिथला चांगला पोरगा उचलतात आणि मोठ्या गाडीत बसवतात. म्हणजे शिडी आहे. खालची पायरी मातीची, वरची डांबराची.

ऐकायला हे फार न्याय्य वाटते. ज्याच्या हातात कसब, तो वर जाणार. पण खालच्या पायरीवर पाय ठेवायलाच गाडी लागते, टायर लागतात, इंजिन लागते, ट्रेलर लागतो, पोराला शनिवार-रविवारी गावोगाव घेऊन फिरणारा बाप लागतो. आणि तो खर्च केला तरी रिंगणाचे फाटक कुणासाठी उघडायचे, हे रिंगणाचा मालक ठरवतो.

वेंडेल स्कॉट आणि न मिळालेली ट्रॉफी

वेंडेल स्कॉट हे नाव आपल्या पोरांना माहीत असायला हवे. व्हर्जिनिया राज्यातल्या डॅनव्हिल गावचा हा कृष्णवर्णीय माणूस. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात मेकॅनिक होता, घरी परतल्यावर टॅक्सी चालवली, गॅरेज चालवले. १९५२ मध्ये गावच्या रिंगणात त्याला पहिल्यांदा उतरवले, ते काही समतेच्या प्रेमापोटी नव्हे. काळा माणूस पळताना दिसला तर तिकिटे जास्त खपतील, असा आयोजकांचा हिशेब होता. पुढे काही ठिकाणी त्याला रंग पाहून फाटकावरूनच परत पाठवले. तो हटला नाही. जुन्या गाड्या विकत घ्यायच्या, आपल्या हाताने दुरुस्त करायच्या आणि पोरांना मदतीला घेऊन शर्यतीला जायचे, हा त्याचा क्रम.

१ डिसेंबर १९६३ ला फ्लोरिडातल्या जॅक्सनविल येथे नॅस्कारच्या वरच्या गटाची शर्यत तो जिंकला. पण विजेता म्हणून नाव पुकारले गेले बक बेकर या गोऱ्या चालकाचे. सगळे प्रेक्षक निघून गेल्यावर, काही तासांनी आयोजकांनी मान्य केले की शर्यत स्कॉटने जिंकली आहे. मोजण्यात चूक झाली, असे कारण देण्यात आले. ट्रॉफी बेकर घेऊन गेला होता. स्कॉट १९९० मध्ये वारला. त्याच्या कुटुंबाच्या हातात ट्रॉफी पडली २०२१ मध्ये, म्हणजे शर्यतीनंतर अठ्ठावन्न वर्षांनी आणि त्याच्या मृत्यूनंतर एकतीस वर्षांनी.

२००४ मध्ये नॅस्कारने गोऱ्यांव्यतिरिक्त इतरांना आणि स्त्रियांना शिकवून वर आणण्यासाठी वेगळी योजना सुरू केली. त्यातून आलेल्या बबा वॉलेसने २०२१ मध्ये टॅलाडेगाची शर्यत जिंकली. स्कॉटनंतर त्या पातळीवर जिंकणारा तो पहिलाच कृष्णवर्णीय. याच वॉलेसने आग्रह धरल्यावर जून २०२० मध्ये नॅस्कारने गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या राज्यांच्या झेंड्यावर आपल्या मैदानात बंदी घातली. त्याच योजनेतून आलेला दुसरा चालक काइल लार्सन. त्याची आई जपानी वंशाची. एप्रिल २०२० मध्ये एका ऑनलाइन शर्यतीत त्याने काळ्या लोकांना उद्देशून वापरली जाणारी शिवी उच्चारली आणि त्याची नोकरी गेली. एकाच शिडीने दोघे वर आले. एकाने वर जाऊन झेंडा उतरवायला लावला, दुसऱ्याच्या तोंडून शिवी आली. संधी मिळाली म्हणजे भान येतेच असे नाही, हे आरक्षणातून वर गेलेल्या आपल्या लोकांकडे पाहूनही आपल्याला कळते.

आता आपल्या घाटाकडे येऊ.

आपला घाट काय शिकवतो?

जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यातली शर्यत सपाटीची नाही, चढाची आहे. घाटाच्या खालच्या टोकाला गाडा जुंपायचा, निशाण पडले की बैल सुटतात, पुढे घोडीस्वार आणि वर झेंड्याला पोचेपर्यंत घड्याळ. दहा-बारा सेकंदांचा मामला. पण त्या दहा-बारा सेकंदांमागे वर्षभराची तयारी असते. खिल्लार जातीची खोंडे लाखांच्या किमतीला घेतली जातात. त्यांचा खुराक, मालिश, पोहणे, चालवणे, जुन्या बैलासोबत जुंपून सराव, हे सगळे माणसे लावून करावे लागते.

मात्र घाटात फक्त बैल तयार होत नाहीत. गाडामालकाचे नाव लाउडस्पीकरवरून पुकारले जाते. त्याच्या नावाआधी गावाचे नाव, नंतर पाहुण्यांचे नाव, मग कुणी इनाम लावले त्याचे नाव. टोकन कुणाला लवकर द्यायचे, कुणाला उशिरा, यात्रा कमिटीत कोण बसणार, देणगीची पावती कुणाच्या हाताने फाडली जाणार, पोलिस परवानगीला तालुक्याला कोण जाणार, फ्लेक्सवर कुणाचा फोटो केवढा, वाद झाला तर कुणाचा शब्द शेवटचा, हे सगळे तिथे शिकायला मिळते. चार-पाच हंगाम हे केलेला पोरगा पुढे ग्रामपंचायतीला उभा राहतो, मग सोसायटी, मग पंचायत समिती. साखर कारखान्याच्या संचालकपदाची स्वप्ने तिथूनच पडू लागतात. अमेरिकेत मातीच्या रिंगणातून डांबराच्या रिंगणात जातात, आपल्याकडे घाटातून सत्तेत जातात.

हे आमचे कल्पनेचे खेळ नाहीत. शिरूर लोकसभा मतदारसंघात बैलगाडा हा एकाहून अधिक निवडणुकांत प्रचाराचा मुद्दा राहिला. शिवाजीराव आढळराव पाटील असोत की अमोल कोल्हे, दोघांनीही शर्यती सुरू व्हाव्यात यासाठी आवाज उठवला आणि श्रेयाचा वाद घातला. बंदी उठल्यावर कोल्हे २०२२ मध्ये खेड तालुक्यातल्या निमगाव दावडीच्या घाटात स्वतः बारीपुढे घोडीवर बसले, कारण तसा शब्द त्यांनी मतदारांना दिला होता. भोसरीचे आमदार महेश लांडगे यांच्या पुढाकाराने २०२२ मध्ये चिखलीला झालेल्या शर्यतीत जेसीबी आणि बोलेरो गाडी ही बक्षिसे होती. ज्या खेळात जेसीबी बक्षीस म्हणून दिला जातो, तो खेळ फक्त गावची हौस उरलेला नसतो.

बंदीचा इतिहासही पाहा. ११ जुलै २०११ ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूच्या खटल्यात महाराष्ट्रातल्या शर्यतींनाही मनाई केली. तमिळनाडूमागोमाग २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली. ती उच्च न्यायालयात अडली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे कायदे वैध ठरवले. या सगळ्या काळात पक्ष कोणताही असो, नेते एका सुरात बोलत होते. कायदा बदलला, वकील उभे केले, दिल्लीपर्यंत पाठपुरावा केला. एका समाजाला आपली गोष्ट हवी असेल तर सत्ता कशी हलवता येते, याचा हा वस्तुपाठ आहे. शिष्यवृत्तीचे हप्ते रखडतात, वसतिगृहात जागा अपुऱ्या पडतात, तेव्हा हे सर्वपक्षीय एकमत कुठे जाते, असे आम्ही विचारत नाही. ते आम्हाला ठाऊक आहे. आम्ही विचारतो की ते घडवून आणायला आपण कोणत्या शाळेत शिकलो आहोत?

जिवंत बैल कुणाचा, मेलेला कुणाचा

समाजशास्त्रात एम. एन. श्रीनिवास यांनी 'प्रभुत्वशाली जात' ही संकल्पना मांडली. संख्या, जमीन आणि सत्ता ज्या जातीच्या हातात एकवटते, ती गावाचा कारभार चालवते. बैलगाडा समजून घ्यायला ही संकल्पना पुरेशी आहे. बैल म्हणजे जमीन. जमीन म्हणजे गावकी. ज्याचा बैल घाटात पहिला, त्याची गावकीतली जागा पक्की.

या बैलाशी आपल्या पूर्वजांचे नाते काय होते? जिवंत बैल पाटलाचा, मेलेला बैल महाराचा. मेलेले ढोर ओढून नेणे हे वतनाचे काम होते आणि त्या बदल्यात मिळणारा वाटा हा आपल्या हक्काचा आहे, असे आपल्याच लोकांना वाटावे इतकी ती गुलामी आत मुरली होती. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, ही कामे सोडा असे सांगितले. लोकांनी सोडली, त्यासाठी बहिष्कार सोसला, मार खाल्ला. १९५६ मध्ये धम्म घेतला. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने कागदावरूनही गेली. ज्या आजोबांनी मेलेला बैल ओढायला नकार दिला, त्यांची नातवंडे आज जिवंत बैलामागे धावतात आणि त्यालाच बरोबरी समजतात. आम्हाला खटकते ते हे.

घाटात कोण कुठे असतो, हे एकदा डोळे उघडे ठेवून पाहा. स्टेजवर कोण, कमिटीच्या टेबलावर कोण, घड्याळ कुणाच्या हातात. आणि गाडा ढकलून खाली आणायला कोण, बैल धरायला कोण, दगडगोटे वेचून घाट साफ करायला कोण, मंडप बांधायला कोण, दुसऱ्या दिवशी पत्रावळ्या आणि बाटल्या गोळा करायला कोण. आम्ही या दोन तालुक्यांत काम करताना जे पाहतो, त्यात अपवाद आहेत, पण चित्र बदललेले नाही. घोडीवरच्या पोराचेच पाहा. सगळ्यांत जास्त कसब त्याचे आणि सगळ्यांत जास्त धोकाही त्याचाच. मागून बैल उधळत येतात, पुढे घोडी पळवायची, दोन्हीकडे गर्दी. पडला तर? मोठ्या बारीचे बक्षीस मालकाच्या नावावर जाते, मोडलेला हात पोराच्या वाट्याला.

कसब एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पळवणकर बाळू यांचे उदाहरण सर्वांना माहीत असावे. चर्मकार समाजातला हा मुलगा पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदान रोलरने सपाट करायचा, जाळी लावायचा आणि साहेबांना फलंदाजीचा सराव व्हावा म्हणून तासन्‌तास गोलंदाजी करायचा. बॅट मात्र त्याच्या हातात देत नव्हते. त्या सरावातूनच देशातला सर्वोत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज तयार झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. ते मिळाले त्याचा भाऊ विठ्ठल याला, १९२३ मध्ये. शिकण्याची जागा तीच होती, पण साहेब तिथे फलंदाजी शिकत होता आणि बाळू साहेबाला शिकवत होता. घाटात आपली जागा साहेबाची आहे की बाळूची, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

दिवसा घाट, रात्री तमाशा

जुन्नरचा माणूस असाल तर दुसरे उदाहरण दारातच आहे. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. हंगामात फडांच्या राहुट्या तिथे लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या येऊन सुपारी देतात. म्हणजे ज्या कमिटीने सकाळचा घाट भरवायचा, तीच रात्रीचा तमाशा ठरवते. घाटात बैलांचे मालक वरच्या जातीचे, तमाशात नाचणारे पाय आणि गाणारे गळे खालच्या मानलेल्या जातींचे.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर या त्याच मातीतल्या. १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा शेवटच्या आजारपणातल्या उपचारांसाठी लोकांकडून मदत गोळा करावी लागली होती. आज राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. तमाशाच्या फडांनी मराठी रंगभूमीला आणि सिनेमाला ढोलकी दिली, लावणी दिली, सोंगाड्या दिला. ज्यांनी दिले, त्यांची पोरे कुठे आहेत? तमाशा हीसुद्धा शाळाच होती. तिथे शिकवणारे आपले होते आणि पास झालेले दुसरे. घाटाच्या बाबतीत तर आपण शिकवणारेही नाही आणि शिकणारेही नाही, फक्त गर्दी आहोत.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा येईल की 'ही शेतकऱ्याची संस्कृती आहे, तुम्हाला शेतकऱ्याचा द्वेष आहे'. तसे नाही. बैल पोसणाऱ्या गरीब कुणब्याबद्दल आम्हाला आपुलकी आहे. तोही लाखांचा बैल घेऊ शकत नाही, तोही आपल्यासारखाच कडेला उभा आहे. ट्रॅक्टर आल्यावर बैल शेतातून गेला, २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीला बंदी असल्याने म्हातारा बैल विकण्याची सोयही गेली. त्या शेतकऱ्याचे प्रश्न खरे आहेत. पण जेसीबीच्या बक्षिसाने त्यातला एकही सुटत नाही.

दुसरा आक्षेप शहरातल्या प्राणीमित्रांचा. 'तुम्ही बौद्ध आहात, मग सरळ बंदीच मागा ना.' पंचशीलातले पहिले शील आम्ही मानतो. बैलाला टोचणे, शॉक देणे, दारू पाजणे हा गुन्हा आहे आणि राज्याच्या कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड आहे. तो कायदा कडकपणे लागू झालाच पाहिजे. पण ज्यांना बैलाची जखम दिसते आणि गटारात उतरलेल्या माणसाचा मृत्यू दिसत नाही, त्यांच्या करुणेच्या मागे आम्ही डोळे मिटून जाणार नाही.

तिसरा आक्षेप आपल्यातलाच आहे आणि तो महत्त्वाचा आहे. 'आता आपल्यातही गाडामालक आहेत, आपलाही बैल पहिला येतो, मग आपण मागे का राहावे?' येऊ द्या की पहिला. आम्हाला आनंदच आहे. वेंडेल स्कॉटसुद्धा पहिला आला होता. पण पहिला आल्यावर नाव कुणाचे पुकारले जाते, ते बघायला विसरू नका. आपला एक गाडा घाटात उतरला म्हणून कमिटीत आपला माणूस बसत नाही, आणि कमिटीत बसला म्हणून वस्तीतल्या नळाला पाणी येत नाही. उलट त्या एका गाड्यासाठी घरातले सोने गहाण पडते, पतसंस्थेचे कर्ज होते. हरलेल्या बागायतदाराला पुढचा हंगाम असतो. हरलेल्या मजुराच्या हातात फक्त हप्ता उरतो.

बाबासाहेबांची शाळा

राजकारणात जायचे तर शिकावे लागते, हे बाबासाहेबांइतके कुणालाच कळले नव्हते. १९५६ च्या जुलैत त्यांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली. पंधरा विद्यार्थी होते. संसदीय लोकशाहीत काम करायचे तर अभ्यास, वक्तृत्व, कायद्याचे ज्ञान हवे, ही त्यामागची दृष्टी. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि मार्च १९५७ मध्ये ती शाळा बंद पडली. आपल्या चळवळीच्या इतिहासात या बंद पडलेल्या शाळेची चर्चा फार कमी होते. पुतळे किती झाले ते आपण मोजतो. ती शाळा पुन्हा का सुरू झाली नाही, हे विचारत नाही.

तिची जागा कशाने भरली? गावात घाटाने भरली. प्रस्थापितांची पोरे घाटात संघटन, पैसा उभा करणे, माणसे सांभाळणे शिकली. आपल्याकडे तशी एकच जागा उरली, भीमजयंती. आणि तिचेही आपण काय केले? फ्लेक्स किती फुटी, डीजे कुठून आणला, मिरवणूक किती वाजेपर्यंत चालली. जयंतीची कमिटी ही आपल्या पोरांची पहिली संस्था असू शकते. वर्गणीचा हिशेब मांडणे, ठराव लिहिणे, पोलिस ठाण्यात अर्ज देणे, मतभेद असूनही एकत्र काम करणे, हे सगळे तिथे शिकता येते. पण आपण तिचा घाट करून टाकला. फरक एवढाच की घाटात निदान बैल पळतो.

जुन्नरच्या डोंगरांत दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी. तिथल्या शिलालेखांत राजांचीच नव्हे तर कारागिरांचीही नोंद आहे. धान्य विकणाऱ्यांची श्रेणी, बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी, कासारांची श्रेणी. या कष्टकऱ्यांनी एकत्र येऊन संघाला दान दिले आणि ते दगडात कोरून ठेवले. संघटित श्रमाचे नाव कसे टिकते, हे आपल्या तालुक्यात दगडावर लिहिलेले आहे. आणि आपली पोरे दुसऱ्याच्या बैलाचे नाव हातावर गोंदवतात.

मग करायचे काय?

घाटाला जाऊ नका, असा फतवा आम्ही काढत नाही. करमणूक हवीच, आणि गावात करमणुकीला दुसरे आहे तरी काय? पण जाणार असाल तर काही गोष्टी करा.

एक, ग्रामसभेला जा. १ मेची ग्रामसभा ऐन यात्रांच्या हंगामात येते. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च झाली पाहिजे, असा नियम आहे. ती किती होती, कुठे गेली, हे सभेत विचारा. उत्तर नाही मिळाले तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. यात्रेसाठी घाटाची दुरुस्ती ग्रामनिधीतून झाली का, हेही त्याच अर्जात विचारा. सार्वजनिक पैसा लागला असेल तर यात्रा कमिटीही सार्वजनिक हवी आणि त्यात आपला, आदिवासींचा आणि स्त्रियांचा वाटा हवा.

दोन, घोडीवर बसणाऱ्या, गाडा धरणाऱ्या प्रत्येक पोराचा विमा आयोजकांनी उतरवलाच पाहिजे, ही मागणी परवानगीच्या वेळीच तहसीलदारांकडे लेखी करा. जातीचा प्रश्न न काढताही ही मागणी करता येते आणि तिला इतर समाजातली गरीब पोरेही साथ देतील.

तीन, आपली खरी शिडी ओळखा. मंचर किंवा नारायणगावहून निघालेली बस तासा-दोन तासांत चाकणला पोचते. तिथे मोटारी तयार होतात. आपली कितीतरी पोरे तिथे कंत्राटावर नट आवळतात आणि काही महिन्यांनी घरी बसतात. आयटीआय, डिप्लोमा, अप्रेंटिसशिप, कामगार कायदे यांची माहिती देणारे एक केंद्र तालुक्याला असले तर तीच पोरे कायम होण्यासाठी भांडू शकतील. गाडीचे वेड असेल तर गाडी बनवणाऱ्याच्या, दुरुस्त करणाऱ्याच्या बाजूने ते वेड लावा. वेंडेल स्कॉटला कुणी गाडी दिली नाही, तेव्हा त्याचे गॅरेज कामाला आले.

चार, गावात अनुसूचित जातीसाठी सरपंचपद राखीव होते तेव्हा खुर्चीवर आपला माणूस आणि कारभार उपसरपंचाचा, हे आपण पाहतो. कारण खुर्ची मिळाली पण शाळा झाली नव्हती. म्हणून प्रत्येक बुद्धविहारात महिन्यातला एक रविवार या शाळेसाठी ठेवा. ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प कसा वाचायचा, ठराव कसा मांडायचा, अॅट्रॉसिटीची फिर्याद कशी लिहायची, पाच मिनिटांत मुद्देसूद कसे बोलायचे. पंधरा पोरे-पोरी पुरेत. बाबासाहेबांनीही पंधरांपासूनच सुरुवात केली होती.

पोरी हा शब्द मुद्दाम वापरला आहे. घाटाच्या शाळेत मुलींना प्रवेशच नाही. त्या घरी यात्रेच्या पाहुण्यांचा स्वयंपाक करतात. आपण नवी शाळा काढणार असू तर तिच्या पहिल्या बाकावर त्या हव्यात. नाहीतर आपणही दुसऱ्या नावाने घाटच भरवू.

बैल दहा-बारा सेकंदांत घाट चढतो. आपल्याला जो घाट चढायचा आहे त्याला पिढ्या लागल्या आणि अजून लागतील. पण तो आपल्या पायांनी चढायचा आहे. येत्या हंगामात आपल्या विहारात ही शाळा सुरू करायला जे तयार असतील, त्यांच्यासोबत आम्ही आहोत.

जयभीम. जय संविधान.